गडग्यावरचं समालोचन

आमच्या घरात रेडिओ आमचा होता आणि इंग्रजी शेजारच्यांचं. शेजारचे म्हणजे परके कुणी नव्हेत, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ आपाकाका. एका आजोबांची नातवंडं, एकाच खाडीत पोहायला शिकलेली. देवबागच्या अलीकडच्या आमच्या वाडीत दोघांची घरं पाठीला पाठ लावून नव्हे तर तोंडाला तोंड देऊन उभी होती, आणि मधे होता गडगा. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची नुसती एकावर एक रचलेली भिंत, मोठ्या माणसाच्या कमरेला लागेल एवढी. एका पावसाळ्यात तो मधेच ढासळला. वडिलांनी, म्हणजे आम्हा मुलांच्या दादांनी, गडी लावून तो पुन्हा रचून घेतला. मुंबईची नोकरी संपवून कायमचे गावी आलेले आपाकाका आपल्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभे राहिले, त्यांनी एक डोळा मिटून गडग्याच्या रेषेत पाहिलं आणि म्हणाले, गडगा वीतभर आमच्यात सरकलाय. दादा म्हणाले, गडग्याला पाय नसतात. एवढ्यावरून दोघांचं बोलणं तुटलं आणि तालुक्याच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. त्या भांडणाने एक गोष्ट मात्र चांगली झाली, दोघांचा एकमेकांबद्दलचा आदर वाढला. जन्मभर अरेतुरे करणारी ही माणसं एकमेकांचा उल्लेख ‘तेंका’, ‘तेंनी’ असा मानाने करू लागली.

रेडिओ दादांनी मुंबईहून आणला होता. त्यांचा मालवाहू पडाव होता, शिडाचा. नारळ आणि काथ्या घेऊन जायचा, येताना काय मिळेल ते आणायचा. पुढे ट्रक आले, पडावाला माल मिळेना, तेव्हा दादांनी तो विकला आणि शेवटच्या खेपेला हा रेडिओ वाकळीत गुंडाळून, लहान मूल आणावं तसा मांडीवर घेऊन आणला. गावात वीज नव्हती. विटेएवढी जड बॅटरी लावून तो चालायचा. पण नुसत्या बॅटरीने भागत नाही, उंचावर लांब तार ताणावी लागते, हे आणल्यावर कळलं. झिलू पाडेली आमच्याकडे नारळ पाडायला येत असे, त्याच्यावर ते काम सोपवलं. झिलूने तार आमच्या आंब्याला बांधली, आमच्या एका माडावर नेली, दुसऱ्या माडावर नेली. रेडिओतून कढईत कोलंबी टाकल्यासारखा आवाज येत राहिला, बाकी काही नाही. मग झिलूने कुणाला काही न विचारता ती तार गडग्यापलीकडच्या, आपाकाकांच्या उंच माडावर नेऊन शेंड्याला गुंडाळली, आणि आमच्या पडवीत एक साहेब एकदम शेजारी बसून बोलावा तसा बोलू लागला.

आई दारात येऊन उभी राहिली. आपाकाका घरातून बाहेर आले, आपल्या माडाकडे वर पाहिलं, तारेमागून नजर नेत आमच्या पडवीपर्यंत आणली. दादा कमरेवर हात ठेवून उभे होते. आता कोयता निघणार, तार तुटणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण आपाकाका मान जराशी वाकडी करून ऐकत राहिले. रेडिओतला साहेब भराभर काहीतरी बोलला, मागे माणसांचा समुद्रासारखा आवाज उठला. आपाकाका कुणाकडेही न पाहता म्हणाले, “विकेट गेली.” झिलू माडावरूनच ओरडला, “कोणाची?” आणि आपाकाकांनी सांगितलं. कोणाची ते सांगितलं, कशी ते सांगितलं, मग विकेट म्हणजे काय तेही सांगावं लागलं. झिलू उतरून गडग्यावर बसला. असं आमच्या वाडीत क्रिकेट आलं.

आपाकाका मुंबईला एका बोट कंपनीत कारकून होते आणि तरुणपणी मैदानावर खेळलेले होते. गावात क्रिकेट जाणणारा आणि इंग्रजी कानाने पकडू शकणारा तो एकच माणूस. रेडिओ मात्र त्यांच्याकडे नव्हता. कसोटी सामना असला की दादा रेडिओ पडवीच्या कठड्यावर ठेवत, तोंड गडग्याकडे करून, आवाज पूर्ण चढवून. कुणी विचारलंच तर म्हणत, मी आमच्या घरच्यांसाठी लावतो. घरच्यांपैकी कुणाला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. पलीकडे आपाकाका आरामखुर्ची खळ्यात काढून, डोक्याला मफलर गुंडाळून बसत. त्यांना विचारलं तर ते म्हणत, मी उन्हाला बसतो. मग साहेब बोलायचा आणि आपाकाका ते मालवणीत सांगायचे, वाडीतल्या लोकांना, दादांना नव्हे. वाडीतले लोक सुंभ वळायचा काथ्या घेऊनच येत, कारण दिवसभर हात रिकामे ठेवून बसणं कुणाला परवडत नव्हतं आणि शोभतही नव्हतं. कोर्टाच्या खटल्यात ज्यांचं मन दादांकडे ते आमच्या खळ्यात बसत, ज्यांचं आपाकाकांकडे ते तिकडे. झिलूचं मन कुणाकडेच नव्हतं, म्हणून तो मधे गडग्यावर. भिजवलेल्या सोडणांचा, नारळाच्या सालांचा, तो कुबट वास आजही कुठे आला तर मला आधी टाळ्या ऐकू येतात.

पण खरी गंमत सामन्यात नव्हती, ती सामना थांबल्यावर होती. दुपारी खेळाडू जेवायला गेले की दादा लगेच रेडिओ बंद करत, बॅटरी वाचवायला. खेळाडू जेवत, आम्ही मात्र जेवत नसू. ते परत मैदानात येईपर्यंत आमच्या गडग्यावर एक वेगळाच कार्यक्रम चाले आणि तो चालवणारे दोघे, दादा आणि आपाकाका. आतापर्यंत काय झालं, कोण चुकलं, जेवण झाल्यावर काय होणार. दादांनी मैदान पाहिलेलं नव्हतं, बॅट हातात धरलेली नव्हती, पण दोन दिवस ऐकल्यावर माणसाला मत येतं आणि दादांना ते पहिल्याच दिवशी आलं होतं. मैदान दर्याजवळ आहे ना, मग दुपारनंतर वारा फिरणार, त्या वाऱ्याच्या तोंडी चेंडू टाकणाऱ्याला आताच विश्रांती द्या, असं ते म्हणत. आपाकाका म्हणत, चेंडू म्हणजे पडाव नव्हे. दोघेही काही वेळा बरोबर ठरत आणि बरेच वेळा दोघेही चुकत.

अडचण एकच होती, की दोघांचं बोलणं बंद होतं. म्हणून मी होते. बाराएक वर्षांची असेन. गडग्याला लागून एक सपाट दगड होता, त्यावर मी उभी राहायची. दादा म्हणायचे, “सांग तेंका, त्या खेळणाऱ्याचे पाय जड झालेत.” आपाकाका हाताच्या अंतरावर बसलेले, त्यांना आणि सगळ्या वाडीला ते ऐकू गेलेलं असायचं. तरी ते हूं की चूं करायचे नाहीत. मी तोंड तिकडे वळवून सांगायचं, “दादा म्हणतत, तेचे पाय जड झालेत.” मग आपाकाका जणू आत्ताच कळल्यासारखे विचार करायचे आणि उत्तर माझ्याकडे द्यायचे. दादा तोवर आभाळाकडे बघत. एकदा मी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला होता म्हणून निरोप द्यायला उशीर झाला, तर दोघेही माझा घास गिळून होईपर्यंत मुकाट्याने थांबले. रागाच्या भरात दादा एखादी शिवी घालत, ती मी गाळून निरोप देई. अर्थात शिवी आधीच पोचलेली असायची, पण मी सांगितली नाही म्हणजे ती दिली गेली नाही असं दोघेही धरून चालत. आई मला ‘टपाल’ म्हणायची. मला त्याचा केवढा गर्व होता. दोन मोठी माणसं माझ्या तोंडाशिवाय बोलू शकत नाहीत, हे त्या वयात कुणाच्या वाट्याला येतं?

सगळ्यात आधी दर दिवशी एकच प्रश्न यायचा आणि तो लोकांकडून यायचा, की आता त्यांना जेवायला काय वाढलं असेल. आपाकाकांनी एकदा जिमखान्यावर साहेबांचं जेवण पाहिलेलं होतं. त्यांनी सांगितलं, पावात काकडीच्या चकत्या घालून देतात. हे ऐकून वाडीला जे दुःख झालं ते हरल्यावरही झालं नसेल. दिवसभर उन्हात पळणाऱ्या माणसाला काकडी? आईने तर त्या दिवसापासून प्रत्येक बाद होणाऱ्याला माफ करून टाकलं. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि दुपारी बांगड्याचं तिखलं पोटात असतं तर तो असा बाद झाला नसता, हे तिचं क्रिकेटबद्दलचं एकमेव आणि कायमचं मत. त्यावर तिकडून काकी म्हणायच्या की तिखल्यावर भात जेवला तर तो मैदानातच झोपेल, त्याला कुळथाची पिठी बरी. या दोघी जावांचं बोलणं कधी बंद झालंच नव्हतं. गडगा त्यांच्या दृष्टीने वाट्या ठेवायची फळी होती. इकडून सोलकढीची वाटी जायची, तिकडून घावन यायचे, आणि घरात दादा तो घावन खाताना हा कुठून आला असं कधी विचारत नसत.

हल्ली दुपारी जेवताना नातू टीव्ही लावतो. सामना थांबला की कोट घातलेले चौघेजण चकचकीत टेबलाभोवती बसतात, पडद्यावर रेघा ओढतात, एकमेकांची वाक्यं तोडतात. हुशार असतात, मी नाही म्हणत नाही. पण एक बोलत असताना दुसऱ्याला थांबावं लागावं, मधल्या पोरीच्या तोंडून ते पुन्हा ऐकावं लागावं, आणि तेवढ्यात त्याचा राग निम्मा व्हावा, ही सोय त्यांच्याकडे नाही. नातवाला मी हे सांगते तेव्हा तो म्हणतो, आजी, तुझ्याकडे जाहिराती पण नव्हत्या. हो, नव्हत्या.

ज्या हिवाळ्याबद्दल मला सांगायचं आहे त्या हिवाळ्यात कोर्टात पुन्हा एक तारीख पडली. वकिलांनी काहीबाही प्रश्न विचारले आणि आपाकाकांच्या तोंडून निघून गेलं, की दादांनी मुद्दाम, रात्री, चोरून गडगा सरकवला. चोर हा शब्द दादांनी घरी आणला आणि तो जेवताना, झोपताना तोंडात घोळवत राहिले. दुसऱ्या आठवड्यात खाडीतून होडी आली आणि तिच्यातून चिरे उतरले. ताजे, लालभडक, खाणीचा ओलावा असलेले. दादांनी ते गडग्याला लागून आमच्या बाजूने रचून ठेवले. गडगा वाढवायचा, माणसाच्या डोक्यावरून वर न्यायचा, म्हणजे पलीकडचं तोंड दिसायला नको आणि पलीकडचा आवाज यायला नको. आपाकाकांनी ते पाहिलं. त्यांनी झिलूला बोलावून सांगितलं, की ज्या दिवशी यांचा गवंडी येईल त्या दिवशी तू येऊन माझ्या माडावरची तार सोडवून टाक. असा हिशेब पुरा झाला. भिंत वर जाणार आणि तार खाली येणार.

फक्त मधे सामना होता. गोऱ्यांचा संघ मुंबईला खेळत होता. दादांनी गवंड्याला निरोप धाडला की मॅच संपल्यावर दुसऱ्या दिवशी ये. दोघा भावांनी एकमेकांशी न बोलता ही एकच गोष्ट ठरवली होती, की पाच दिवस होऊन जाऊ देत. त्यामुळे ते पाच दिवस सगळी वाडी चिऱ्यांच्या त्या राशीवर बसून ऐकत होती. मी माझ्या दगडावर उभी राहून निरोप देत होते आणि मनात म्हणत होते, देवा, हा सामना संपू देऊ नको. मला क्रिकेटचं काय पडलं होतं? मला आपाकाका हवे होते. ते साहेबाचं वाक्य मालवणीत सांगण्याआधी एकदा इंग्रजीतच पुटपुटत, आणि ते पुटपुटणं ऐकून ऐकून माझ्या कानात इंग्रजी भरत चाललं होतं. कधी कधी मी त्यांच्या आधीच अर्थ सांगायची. तेव्हा ते काही बोलत नसत, नुसते मफलर सारखा करत. पण तेवढ्याने मला दिवसभर पुरायचं. शाळेतल्या कुठल्याच गुरुजींनी मला तेवढं शाबास म्हटलं नव्हतं. गडगा वाढला की हे सगळं भिंतीच्या पलीकडे जाणार होतं.

बॅटरीही म्हातारी झाली होती. आई रोज सकाळी तिला खळ्यात, उकड्या भाताचं वाळवण घातलेलं असे त्याच्या कडेला, उन्हात ठेवायची, म्हणजे थोडा जीव धरायची. कोंबड्यांना भातावरून आणि पोरांना बॅटरीवरून हाकलायचं काम धाकट्या भावाकडे. पाचव्या दिवशी सकाळपासून साहेबाचा आवाज खोल गेला होता. आपले लोक बॅटिंग करत होते. जिंकायला लागणाऱ्या धावा आवाक्याबाहेरच्या होत्या, हे आपाकाकांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. आता फक्त संध्याकाळपर्यंत बाद व्हायचं नाही, एवढंच हातात. जेवणाची वेळ झाली, दादांनी रेडिओ बंद केला, आणि आमचा शेवटचा कार्यक्रम सुरू झाला. शेवटचा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी काकडीचा प्रश्नही कुणी विचारला नाही.

दादांना ती गोष्टच पटत नव्हती. पाच दिवस खेळायचं आणि कोणीच जिंकायचं नाही, मग खेळायचं कशाला? त्यापेक्षा मारा, चार फटके मारून बाद व्हा, निदान निकाल तरी लागेल. त्यांनी ते मला सांगितलं, मी पलीकडे सांगितलं. आपाकाका म्हणाले, निकाल लागलाच पाहिजे असं कोणी सांगितलं? मी ते इकडे सांगितलं. दादांचा आवाज चढला. अधांतरी लोंबकळत राहण्यात कसली मर्दुमकी, विचार तेंका. मी तिकडे वळले. आपाकाका माझ्याकडे बघत होते. त्यांच्या मागे तो उंच माड होता, त्याच्या शेंड्यापासून आमच्या पडवीपर्यंत गेलेली ती तार होती, आणि माझ्या पायाशी लाल चिरे होते. मी तोंड उघडलं आणि त्यातून शब्दच येईना. मी रडत नव्हते, रडायलाही जमत नव्हतं. टपाल बंद पडलं.

सगळे थांबले. दादा आभाळाकडे बघत थांबले, आपाकाका माझ्याकडे बघत थांबले. काथ्या वळणारे हात तेवढे चालू होते. प्रश्न विचारून झाला होता, ऐकूनही झाला होता, पण सांगितला गेला नव्हता. दादांना उत्तर हवं होतं. वादात ऐन रंगात आलेल्या माणसाला उत्तराची जी घाई असते ती दादांना होती, आणि त्या घाईत ते विसरले. आभाळावरची नजर काढून ते सरळ गडग्यापलीकडे बघून म्हणाले, “आपा, बोल मरे. गप कित्याक ऱ्हवलंस?”

काथ्यावरचे हात थांबले. दादांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांचं तोंड उघडं राहिलं ते तसंच राहिलं. आपाकाकांनी मफलर सोडला, घडी करून मांडीवर ठेवला. मग ज्या नावाने दादांना वाडीत आता कुणी हाक मारत नव्हतं, त्यांची आई गेल्यावर कुणी मारलीच नव्हती, त्या नावाने ते बोलले. “बाबल्या, जिंकणा-हरणा घटकेचा काम. टिकान ऱ्हवणाच कठीण आसता.”

गडग्यावर बसलेला झिलू रेडिओचा कान पिळल्यासारखी बोटं फिरवत हळूच म्हणाला, “स्टेशन लागला.” आधी आई हसली, मग काकी, आणि मग दोन्ही खळी. माझं तोंड तेव्हा कुठे सुटलं आणि मी जे भोकाड पसरलं, त्याला त्या हसण्यात कुणी विचारलंसुद्धा नाही.

जेवणाची वेळ संपली म्हणून दादांनी रेडिओ लावला, तर आवाज नाही. कान अगदी लावला तर आत कुठेतरी खोल विहिरीच्या तळाशी साहेब बोलत होता. गडग्यापर्यंत ते पोचणं शक्यच नव्हतं. आवाज ऐकू येणाऱ्याला इंग्रजी कळत नव्हतं आणि इंग्रजी कळणाऱ्याला आवाज ऐकू येत नव्हता. मी पुढे होऊन कान लावला, दोन शब्द समजले, चार निसटले. तेवढ्यात मागे हालचाल झाली. आपाकाका खुर्चीतून उठून गडग्याशी आले होते. त्यांचे गुडघे दुखायचे, एक पाय उचलला आणि तो वरपर्यंत जाईना. वळसा घालून पाणंदीने, आमच्या बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या फाटकातून, येता आलं असतं, पण तेवढ्यात दोन-चार विकेटी गेल्या असत्या. दादा पडवीतून उतरले. रचलेल्या राशीतला एक चिरा उचलून त्यांनी पलीकडे, आपाकाकांच्या पायाशी टाकला, मग दुसरा त्याच्यावर ठेवला. “हात दी,” ते म्हणाले, “समाळून.” आपाकाका एक हात दादांच्या हातात आणि दुसरा झिलूच्या खांद्यावर ठेवून त्या चिऱ्यांवरून गडग्यावर चढले आणि आमच्या बाजूच्या राशीवरून खाली उतरले. जी भिंत व्हायची होती तिच्यावर पाय देत देत ते आमच्या घरात आले.

आईने गूळ-पाणी आणलं, पाहुण्याला देतात तसं. त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि रेडिओच्या तोंडावरच्या कापडाला कान लावून बसले. दादा त्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून. साहेब कुजबुजायचा, आपाकाका सांगायचे, दादा तेच मोठ्या आवाजात खळ्यात सांगायचे. माझं काम आता दादा करत होते. सावल्या माडांवरून सरकल्या, समुद्राकडून गार वारा आला, आणि आपले शेवटचे लोक खेळतच राहिले. संपलं तेव्हा रेडिओत काहीच उरलं नव्हतं, आपाकाकांनीच मान वर करून सांगितलं की संपलं, कोणी जिंकलं नाही. दादा म्हणाले, बरं झालं. सकाळपासून ज्या गोष्टीविरुद्ध ते भांडत होते तिला त्यांनी बरं म्हटलं, आणि त्याबद्दल कुणी त्यांना टोकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे गवंडी आला. झिलूही आला आणि आपाकाकांच्या माडाखाली, चढावं की नाही अशा विचारात उभा राहिला. गवंड्याने दादांना विचारलं, “खंयसून सुरवात करू?” दादांनी गडग्याकडे पाहिलं, राशीकडे पाहिलं, पलीकडे पडलेल्या त्या दोन चिऱ्यांकडे पाहिलं. आदल्या दिवशी झालं ते सामन्याच्या भरात झालं होतं, आज शांत डोक्याने तेच करायचं की नाही हा प्रश्न होता, आणि दादांसारख्या माणसाला तो सोपा नव्हता. मी दगडावर उभी राहून बघत होते. “पायऱ्यो घाल,” ते म्हणाले. “हय आणि थय. आपाचे गुडघे दुखतत.” झिलू माडाला पाठ लावून खाली बसला आणि त्याने विडी पेटवली.

खटला मात्र मागे घेतला नाही. लोकांना वाटतं की अशा गोष्टींत शेवटी सगळं मिटतं, तसं काही झालं नाही. वीतभर जमिनीबद्दलचं दोघांचं मत मरेपर्यंत बदललं नाही. फक्त तारखेला दोघे एकाच एसटीने जायला लागले, शेजारी बसून, आईने बांधून दिलेल्या एकाच डब्यातलं खात, क्रिकेटवर भांडत. वकिलांची त्यामुळे फार पंचाईत होत असे. मला आपाकाकांनी सोडलं नाही. ते आमच्या पडवीत येऊन बसू लागले तेव्हा मला म्हणाले, “बायो, आता तू सांग, तू चुकतंस काय ता मी बघतंय.” पुढची वर्षं साहेबाचं इंग्रजी मी मालवणीत सांगायची आणि आपाकाका मफलर सारखा करत बसायचे. मी पुढे हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवलं. कुणी विचारलं, शिकलीस कुठे, तर मी गडग्यावर असं सांगत असे आणि लोकांना ती थट्टा वाटे. या दोन हट्टी माणसांचं माझ्यावर केवढं ऋण आहे, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. आमच्यात तसं सांगत नाहीत.

आपाकाका पुढे काही वर्षांनी एका पावसाळ्यात गेले. तोवर माझं लग्न झालं होतं. त्यानंतरच्या हिवाळ्यात मी माहेरी आले होते, सामना चालू होता. दादांकडे आता छोटा ट्रान्झिस्टर होता, त्याला तार लागत नव्हती, तरी माडावरची तार कुणी काढली नव्हती. रेडिओवर आता मराठीतही सांगत, समजावून द्यायला कुणाची गरज नव्हती. जेवणाची वेळ झाली, दादांनी ट्रान्झिस्टर बंद केला. सवयीने केला, बॅटरी चांगली होती. मी आत पानं घेत होते. दादा बोलावतात असं आईने सांगितलं म्हणून बाहेर आले, तर ते गडग्याकडे तोंड करून बसले होते. पलीकडे आरामखुर्ची नव्हती. काकी मुंबईला मुलाकडे गेल्या होत्या, खळ्यात पाचोळा पडला होता. दादा आभाळाकडे बघत मला म्हणाले, “विचार तेंका, आता काय करूचा?”

इतक्या वर्षांनी ते पुन्हा ‘तेंका’ म्हणाले होते. खळ्यातून जाऊन माझ्या जुन्या दगडावर चढले, तोंड पलीकडे केलं आणि मोठ्याने, पूर्वीसारखं, विचारलं, “दादा विचारतत, आता काय करूचा?” माड हलत होता, तार हलत होती. उत्तर यायला जेवढा वेळ लागला असता तेवढा मी थांबले. दादाही थांबले. मग मी वळले आणि सांगितलं, “म्हणतत, टिकान ऱ्हवणाच कठीण आसता.”

दादांनी ऐकून घेतलं. त्यांनी मान हलवली, डोळे पुसले, आणि म्हणाले, “बरोबर आसा. चल, जेवूक वाढ.”